शेवटच्या पानावरची काडी

यादोराव पटल्यांना एका जागी बसलेलं गावात कोणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसले तरी एक गुडघा हलत राहायचा, आणि वरणभात संपायच्या आत ते एकदा तरी उठून दारापर्यंत जाऊन यायचे. कोणी येणार असायचं असंही नाही. त्यांची बायको मंदाबाई म्हणायची, "तुमच्या पायाले चाबी कोनं देऊन ठेवली जी?" आणि ताटावर झाकण ठेवायची.

सिहोऱ्याजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे. त्यांची रेघ फळ्याच्या कडेला पोचायच्या आत सर स्वतः खिडकीशी पोचलेले असायचे. चित्रकलेचे तास आठवड्यातून मोजके, म्हणजे हा माणूस रिकामा, असं ठरवून मुख्याध्यापक केशवरावांनी १९७४ साली ग्रंथालयाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ग्रंथालय म्हणजे कार्यालयातलं एक लाकडी कपाट. ते वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी उघडायचं आणि साहेबांची जीप गावाबाहेर वळली की बंद व्हायचं.

यादोरावांनी दुसऱ्याच दिवशी ते कपाट व्हरांड्यात ओढून आणलं. त्यामागे त्यांचा एक जुना राग होता. लहानपणी त्यांना धड्यांच्या पुस्तकाखेरीज पुस्तक असं मिळालंच नाही. शिक्षकाचं शिक्षण घ्यायला भंडाऱ्याला गेले, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी, लहान मुलांसाठी लिहिलेली एक गोष्ट हाती आली. एक मुलगा बांबूचा तराफा करून नदी उतरून जातो, एवढीच. यादोरावांनी ती उभ्याउभ्या वाचली, आणि पुस्तक मिटल्यावर त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. गोष्ट चांगली होती, पण मिशा फुटल्यावर कोण तराफा करणार? हे दहाव्या वर्षी मिळायला हवं होतं. ते कोणी दिलं नाही, आणि आता कोणी देऊ शकत नव्हतं. तेव्हापासून ही चीड त्यांच्या पायांत उतरली असावी, असं माझं मत आहे.

कुठलं पुस्तक चांगलं हे मोठ्या माणसानं ठरवायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. मी वाचलं की मला आवडेल, आणि मला आवडलं की मी ते पोरांच्या गळ्यात बांधीन, असं ते म्हणायचे. म्हणून नवं पुस्तक ते स्वतः आधी वाचतच नसत. खरं सांगायचं तर तेवढा वेळ बसवतही नसे, पण तत्त्व म्हटलं की ते बरं दिसतं.

त्याऐवजी त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक पुस्तकात ते धानाच्या तणसाची एक काडी घालून द्यायचे. मुलानं जिथं वाचन थांबवलं तिथं काडी ठेवायची आणि पुस्तक परत आणायचं. काडीचं टोक वरून दिसायचं. पुस्तक हातात आलं की सर न उघडताच बघायचे: काडी सुरुवातीलाच अडकली असेल तर पुस्तक नापास, शेवटी असेल तर पास. मुलांना हुरूप यावा म्हणून ज्याची काडी शेवटच्या पानावर, त्याचं नाव व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहायचं आणि केशवरावांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवायचं, असंही त्यांनी सुरू केलं. त्या फळ्यावर धनीरामचं नाव, सेवकरामचं नाव, सगळ्या पाटलांच्या आणि सरपंचांच्या पोरांची नावं. ज्यांची काडी मध्येच राही, त्यांना सर चारचौघांत म्हणायचे, "पुन्हा अर्ध्यात?"

हे सगळ्यांत जास्त वेळा ऐकून घेतलं ते चंद्रकलेनं. आठवीतली मुलगी, ताराचंद बिसेनांची धाकटी. ताराचंदची तलावाखाली धानाची शेती, माणूस सरळ, अक्षराशी ओळख नाही. चंद्रकला दर शनिवारी यायची, पुस्तक द्यायची, बोलणी खायची आणि दुसरं पुस्तक न्यायची. तिची काडी कधी तेराव्या पानावर, कधी एकतिसाव्या. मुलीला धीर नाही, असं यादोरावांनी ठरवून टाकलं. धीराबद्दल मत द्यायला गावात त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता.

१९७८ च्या दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या एका समितीकडून पत्र आलं, आणि पत्रामागून एक लोखंडी पेटी. पेटीत मुलांची साठ पुस्तकं. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी त्यांतली चाळीस निवडायची, प्रत्येकापुढं 'कोणासाठी' आणि 'का' एवढं लिहायचं, आणि जुलैअखेर यादी पाठवायची. ती पुस्तकं तालुक्यातल्या सगळ्या शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत जाणार होती. केशवरावांनी पत्र यादोरावांपुढं सरकवलं. "करून टाका," म्हणाले.

करून टाका. यादोरावांची झोप गेली. चुकीची चाळीस गेली तर काय होणार हे त्यांना दिसत होतं. कुठल्याशा खेड्यात एखादं पोर आयुष्यातलं पहिलं पुस्तक उघडणार, दहा पानांत कंटाळणार, आणि पुस्तक म्हणजे हे असं समजून कायमचं मिटणार. त्या पोराला दुसरी संधी मिळणार नव्हती. पेटीतली पुस्तकं वाटत, काड्या घालत, काड्या बघत त्यांनी हिवाळा काढला. काड्या भराभर शेवटी येऊ लागल्या. पस्तीस पुस्तकं पास झाली, मग चाळीस, मग त्रेचाळीस. अडचण उरली ती फक्त चंद्रकलेची. तिनं सव्वीस पुस्तकं नेली आणि सतरा अर्ध्यात सोडली. नऊ पुरी केली होती, पण सरांच्या डोक्यात सतराच राहिली.

एप्रिलमध्ये बाजाराच्या दिवशी ताराचंदनं त्यांना गाठलं. सर कांदे घेत होते आणि एक पाय निघायच्या तयारीत होता. "गुरुजी, आमची चंद्रकला कशी काय हाय अभ्यासात?"

"पुस्तक पुरं करत नाही हो," यादोराव म्हणाले. "काही दिलं तरी अर्ध्यात सोडते." आणि कांद्यांची पिशवी उचलून चालू लागले. पुढं दोन पावलांवर ते हे बोलणं विसरले.

जूनअखेर शाळा उघडली. चंद्रकला आली नाही. यादोरावांच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण ते यादी लिहीत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 'का' या रकान्याशी अडले. चांगलं पुस्तक आहे एवढं लिहून भागेना, म्हणून त्यांनी सेवकरामला हाक मारली. हत्तीचं एक पुस्तक होतं, काडी शेवटच्या पानावर. "शेवटी काय होतं रे?" सेवकराम म्हणाला, "हत्ती जिंकते, सर." यादोरावांनी सहज म्हणून शेवटचं पान उघडलं. हत्ती मेला होता.

मग त्यांनी मधली पानं उघडायला घेतली, आणि ती उघडेनात. त्या काळी बरीच पुस्तकं छापखान्यातून पानांच्या घड्या तशाच जोडलेल्या घेऊन यायची; वाचणाऱ्यानं आपल्या हातानं कडा कापून पुढं जायचं. हत्तीच्या पुस्तकाची सोळाव्या पानापुढची एकही घडी कापलेली नव्हती. त्यांनी दुसरं उघडलं. तिसरं. कपाटापुढं उभं राहून साठच्या साठ पुस्तकं उघडली. चौतीस पुस्तकांत काड्या शेवटी, आणि पानं तिसऱ्या-चौथ्या घडीपासून जोडलेली. फळ्यावर नाव यावं म्हणून पोरांनी काड्या सरकवल्या होत्या, आणि फळ्याची कल्पना सरांची होती. दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोयही उरली नव्हती.

उरलेली सव्वीस पुस्तकं मात्र वेगळी निघाली. त्यांची पानं जिथवर काडी तिथवर नीट कापलेली, एका रेषेत, पावशीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरावी तशी. काहींना कांद्याचा वासही येत होता. नऊ पुस्तकं शेवटापर्यंत कापलेली. ही सगळी चंद्रकलेची. अख्ख्या शाळेत एकाच मुलीनं पुस्तकं वाचली होती, आणि जिथं कंटाळा आला तिथं खरी काडी ठेवली होती. तिला ते वर्षभर चारचौघांत बोलले होते. यादोरावांना स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

पुस्तकं पिशवीत भरून ते तिच्या वर्गात डोकावले; ती नव्हती, म्हणून तिच्या घरी निघाले. घरी कोणी नव्हतं, धानाच्या रोवणीचे दिवस. तलावाच्या उंच पाळीवरून उतरून ते ताराचंदच्या बांधीवर, धानाच्या खाचरावर, गेले. गुडघाभर चिखलात सात-आठ बाया वाकलेल्या, त्यांत चंद्रकला आणि तिची आई ललिताबाई. सर कडेच्या धुऱ्यावर उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "चंद्रकला, राजपुत्राचं पुस्तक एकतिसाव्या पानावर का सोडलंस?"

बिचारीला वाटलं सर इतक्या लांब रागवायला आले. "वाचनारच होती सर, पन…"

"रागवत नाही. का सोडलंस ते सांग."

तिनं हातातली रोपांची पेंडी सोडली, चार रोपं लावली आणि मग बोलली. "तो चार दिस जंगलात फिरते, सर. खाते काय, ते लिवलंच नाही. त्याले भूकच नाही लागत. मंग वाघ आला तरी मले भेव नाही वाटलं."

यादोरावांनी खिशातून पेन काढलं. "आणि ते चांगल्या मुलांच्या गोष्टींचं?"

"पयल्या गोष्टीत पोरगा सुधरला. दुसऱ्यातही सुधरला. तिसरीत मी अगोदरच आईले सांगतलं, का हाही सुधरून राहिला." बाया हसल्या.

"विज्ञानाचं?"

"त्यातला मास्तर पोराले सवाल इचारते अन् सोताच जवाब देते. तो पोरगा कायले ठेवला मंग?"

यादोरावांना आपले तास आठवले, पण ते लिहीत राहिले. धुऱ्यावर ते इकडून तिकडे फेऱ्या मारत होते, आणि पोरगी रोवत रोवत मागं सरकत एकेका पुस्तकाचं सांगत होती. होडी चालवणाऱ्या मुलीचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं होतं. का, असं विचारल्यावर ती पहिल्यांदाच सरळ उभी राहिली. "तिची नाव बुडते, सर. अन् कोनी तिले म्हनत नाही, का आमी तं सांगतलंच होतं."

असं वाक्य यादोरावांना जन्मात सुचलं नसतं. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. "उद्या शाळेत ये," ते म्हणाले. "माझ्याजवळ बस. आपण यादी करू."

तेव्हा ललिताबाईंनी पाठ सरळ केली. "शाळा कायची आता, सर? तुमीच तं बजारात पोरीच्या बापाले सांगतलं, का पोरगी कोन्तंच पुस्तक पुरं करत नाही. त्यायनं म्हटलं, मंग मॅट्रिक काय पुरी करन? नाव काटलं तिचं."

चंद्रकला पुन्हा वाकून रोवू लागली होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी यादोराव ताराचंदच्या अंगणात जाऊन म्हणाले, "माझं चुकलं." शिक्षकानं हे म्हणायला सोपं नसतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटत नाही. ताराचंदनं त्यांना खाट टाकून दिली. ते बसले नाहीत. पुस्तक खराब असेल तर सोडलेलंच चांगलं, त्यासाठी अक्कल लागते, ती तुमच्या मुलीत आहे, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं.

"अर्धी बांधी रोवून कोनी घरी येते का, गुरुजी?" ताराचंद म्हणाला. "तुमी बजारात येक सांगता, अंगनात येक सांगता. मी कोन्तं धरू? असं करा. मी वाचू नाही जानत, पन तुमची काडी मले समजते. येक पुस्तक तिनं पुरं करून दाखवाव. काडी शेवटी आली, का मी उद्याच नाव लिवून देतो." आणि सरांच्या पिशवीत हात घालून त्यानं सगळ्यांत जाड पुस्तक निवडलं. वर घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचं चित्र होतं. आठ दिवसांची मुदत दिली.

त्या आठ दिवसांत यादोरावांनी शाळा ते ताराचंदचं घर एवढ्या फेऱ्या मारल्या की वाटेवरची कुत्री भुंकायची थांबली. तिसऱ्या दिवशी काडी एकतिसावर. पाचव्या दिवशी बत्तिसावर. दिवसभर चिखलात राबून पोरगी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची, आणि तिचं डोकं त्या भूक नसलेल्या राजपुत्रापाशी हटून बसायचं. "होतच नाही, सर," ती म्हणायची. "खोटं हाय ते."

सातव्या दिवशी विहिरीजवळ ती भेटली, तेव्हा काडी बत्तिसावरच होती. यादोरावांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"काडी शेवटी ठेव," ते म्हणाले.

चंद्रकलेला कळलं नाही. "वाचलं नाही मी, सर."

"माहीत आहे."

"मंग?"

"मग काही नाही. पानं कापून टाक आणि काडी शेवटी ठेव. वडील विचारतील कसं होतं, तर चांगलं होतं म्हण."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. वर्षभर बोलणी खाताना तिनं कधी असं पाहिलं नव्हतं. मग घागर कमरेवर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताराचंदनं पुस्तक दोन्ही हातांत धरून काडी पाहिली, बोटानं चाचपली. "कसं होतं?" "चांगलं होतं, बाबा." सोमवारी चंद्रकला शाळेत आली. यादोराव इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी दोन वर्गांना सुट्टी दिल्यासारखंच केलं.

यादीत त्यांनी नऊच पुस्तकं लिहिली, तिच्या शब्दांत. पंधरा दिवसांनी कागद परत आला: चाळीसही रकाने भरून पाठवावेत. केशवरावांनी पेटीतल्या बाकीच्या पुस्तकांतून एकतीस नावं एका दुपारी उतरवून काढली, राजपुत्रासकट, आणि प्रत्येकापुढं 'बोधप्रद' लिहिलं. "पोरीची शाळा सुरू झाली ना? मग सही करा," म्हणाले. यादोरावांनी सही केली. पुढच्या वर्षी आपण खरी चाळीस पाठवू, चंद्रकला आहेच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यांनी व्हरांड्यातला फळा काढून टाकला. चंद्रकला दर शनिवारी पुस्तक न्यायची आणि पुढच्या शनिवारी आणायची. पानं सगळी कापलेली, सुबक, आणि काडी शेवटी. "कसं होतं?" "चांगलं होतं, सर." सर वाईट म्हणून मुद्दाम एखादं द्यायचे. तेही चांगलं असायचं. मॅट्रिक होईपर्यंत तिनं एकाही पुस्तकाला नाव ठेवलं नाही. पुढं ती शिकून शिक्षिका झाली आणि कारध्याला नोकरीला लागली. ताराचंद गावात सांगायचा, पटले गुरुजींच्या काडीनं माझी पोरगी मार्गाला लागली.

यादोराव यादी करतच राहिले. दर वर्षी नव्या मुलांमागं फिरायचे, पानं तपासायचे, खोदून विचारायचे, आणि दर वर्षी चाळीसच्या चाळीस रकाने भरायचे. त्यांतली किती खरी, हे त्यांना कधीच सांगता आलं नसतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला कामानिमित्त गेले असताना ते वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला गेले. पिशवीत नव्या यादीची बारा पुस्तकं होती. चंद्रकलेनं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला. सरांनी आधीच कळवलं होतं आणि याच पुस्तकांचा दुसरा संच टपालानं पाठवला होता, तेव्हा तिनं ती वाचली असणार.

"सगळीच चांगली हायत, सर," ती म्हणाली.

यादोराव उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. "चंद्रकला, आता इथं तुझे वडील नाहीत. तुझं नाव कोणी कापणार नाही. खेड्यापाड्यांतल्या पोरांकडं ही पुस्तकं जायची आहेत, मला दुसरं कोणी सांगणारं नाही. यातली वाईट कुठली, तेवढं मला खरं सांग."

चंद्रकलेनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला, बशी सरळ केली.

"खरं येक बार सांगतलं होतं, सर," ती म्हणाली. "मंग तुमीच मले सांगतलं, का असं नाही सांगाव."